साकवात गेलेली खोली

लोकल बोर्डाचा एक कागद माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत अगदी तळाशी आहे. त्यात माझी स्तुती आहे. उभ्या नोकरीत मला लेखी स्तुती मिळाली ती तेवढीच. पुढे बदल्या झाल्या, घरं बदलली, पण हा कागद मी कधी भिंतीवर लावला नाही आणि फाडूनही टाकला नाही. लावावा तर तो खरा नाही, आणि फाडावा तर माझ्या खोटेपणाचा एकुलता पुरावा जाईल. आता पन्नाशी जवळ आली आहे. ती हकिकत एकदा सरळ लिहून टाकावी म्हणून बसलो आहे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधी दोन-तीन वर्षं मी नागावच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावात बोर्डाच्या शाळेवर रुजू झालो. माझं मूळ घर बोर्ली पंचतनकडचं. आम्ही बाजारपेठेतली माणसं, समुद्र जवळ असून आम्हाला तो ऐकूनच ठाऊक. शाळा एकशिक्षकी होती. मीच मुख्य, मीच दुय्यम, आणि घंटा वाजवणाराही मीच.

शाळेला इमारत नव्हती. बंदराजवळ एका मुसलमान व्यापारी शेटांची नारळाची वखार होती. तिच्या पडवीत शाळा भरायची. शेटांनी पडवीचं भाडं कधी मागितलं नाही. एक अट मात्र होती, गलबत लागलं की पोरांनी पाट्या उचलून उंडीच्या झाडाखाली जायचं. नारळाच्या राशी खालच्या वर्गाच्या पाठीशी, नारळ सोलायच्या सोलाण्यांची खच्चखच्च पलीकडे, आणि मध्ये आमची बाराखडी. आमच्या पोरांना बेरीज-वजाबाकी चांगली यायची, त्याचं श्रेय मी घेत असे. खरं तर ती समोर दिवसभर नारळ मोजले जाताना बघत.

शेट कधीकधी दारात उभे राहून पाढे ऐकत आणि म्हणत, "मास्तर, तुमची शाळा आल्यापासून वखारीत उंदीर कमी झाले. एवढा कल्ला त्यांना सोसत नाही. अल्लाची मेहेरबानी."

वखारीच्याच एका टोकाला फळ्या ठोकून केलेल्या अडगळीत आमचं बिऱ्हाड होतं. मी आणि माझी बायको. नवीनच संसार. फळ्यांच्या फटीतून काथ्याचा भुसा जेवणात पडायचा. पिण्याचं गोडं पाणी वरच्या आळीच्या विहिरीवरून आणावं लागे. पाऊण मैल जायचं, पाऊण मैल यायचं, डोक्यावर हंडा. ती तक्रार करायची नाही. मी मात्र तिचा हंडा उतरून घेताना दर वेळी मनात खजील व्हायचो.

बोर्डाचं टपाल माझ्याकडे यायचं, कारण गावचं पोस्टही शाळेतच होतं. बाजाराच्या दिवशी मी उंडीखाली खुर्ची टाकून बोर्डाचे हुकूम आणि खबरा वाचून दाखवायचो. लोक त्याला 'बोर्डाचं पुराण' म्हणत आणि पुराणाला बसावं तसे बसत. अमुक तारखेला देवी टोचणारे येतील, मुलं घरी ठेवावीत. विहिरीत लाल औषध टाकतील, पाणी लाल दिसलं तरी भिऊ नये. धर्मशाळेची कौलं मंजूर झाली आहेत.

ही कौलांची खबर मी रुजू झाल्यापासून दर चार-सहा महिन्यांनी यायची. एकदा मी ती वाचली तेव्हा मासळी विकणाऱ्या एका कोळीण मावशीनं पाटी उतरवत विचारलं, "मास्तर, कौलं मंजूर हाईत हे कळलं. धर्मशाला पडायची कंदी मंजूर झालीय ते बी वाचा. म्हंजी आत बसनारे भायेर निगतील."

सगळे हसले. मीही हसलो. या मावशीबद्दल थोडं सांगायला हवं. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत, कोळीवाड्यात तिच्या शब्दाला वजन. तिची नात माझ्या शाळेत होती. कोळीवाड्यातून शाळेत आलेली ती पहिली मुलगी.

आणि कोळीवाड्यातून येणं सोपं नव्हतं. बंदर आणि कोळीवाडा यांच्यामध्ये खाडीचा एक फाटा होता. ओहोटीला घोट्याएवढं पाणी आणि चिखल, भरतीला पुरुषभर. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती नेमकी भर दुपारी यायची. त्या दिवसांत कोळ्यांची पोरं सकाळी पाणी चढायच्या आधीच वखारीत येऊन बसत आणि तिसऱ्या प्रहरी पाणी उतरलं की जात. अष्टमीच्या आसपास उलट. सकाळी पाणी, म्हणून पोरं साडेदहा-अकराला हजर. माझ्या हजेरीपटावर 'उशिरा' असा शेरा एक पंधरवडा लाटेसारखा चढत जायचा आणि उतरत जायचा. इन्स्पेक्टरसाहेबांनी एकदा त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "साहेब, ही खाडी आहे."

हे एवढ्यासाठी सांगतो की मला पाणी कळत नव्हतं असं पुढे कुणी म्हणू नये. मला ते हजेरीपटावरून पाठ झालं होतं.

अडकलेली पोरं दुपारी उपाशी बसत. माझी बायको त्यांना पेज वाढायची. मावशीची नात तर आमच्या अडगळीतच रमायची. बायको तिला तांदळातले खडे निवडायला बसवायची आणि निवडता निवडता पाटीवर अक्षरं काढून द्यायची. शाळेत जे तिला माझ्याकडून दोन वर्षांत आलं नाही ते तिथे दोन महिन्यांत आलं. मी ते कौतुकानं बघायचो, पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.

अशात बोर्डाचं पत्र आलं. आमच्या शाळेला इमारत मंजूर. एक मोठी खोली, पुढे पडवी, आणि मागे शिक्षकाला राहण्यासाठी दोन खोल्या. गावानं जागा आणि अंगमेहनत द्यायची. वरच्या आळीच्या खोतांनी लगेच आपल्या बागेला लागून असलेला तुकडा देऊ केला. सुपारीची सावली, कोरडी जमीन, आणि विहीर वीस पावलांवर.

मी तो तुकडा बघून आलो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. सांगताना मी पाटीवर नकाशा काढला. ही शाळा, ह्या दोन खोल्या, ही विहीर. तिनं पाटीकडे बराच वेळ बघितलं. "चुलीच्या खोलीला खिडकी ठेवतील का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "ठेवायला लावीन." त्या क्षणापासून त्या दोन खोल्या माझ्या डोक्यात बांधून तयार होत्या.

अडचण एकच होती. शाळा वरच्या आळीत गेली की कोळीवाड्यातल्या पोरांची शाळा संपली. वखारीतून पोरांना फाट्याचं पाणी दिसायचं, उतरलं की धावत सुटायची. पाऊण मैल आत बसून त्यांना पाणी दिसणार नव्हतं. आया पोरांना पाठवणारच नव्हत्या. मला हे ठाऊक होतं. मी स्वतःला सांगितलं, कोळ्यांची पोरं तरी किती शिकणार, दोन वर्षांत होडीवर जातातच. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याच्याशी भांडलो असतो.

मग बोर्डाची बांधकामं बघणाऱ्या ओव्हरसियरसाहेबांचं पत्र आलं. ते जागा पाहायला आणि गावाचं म्हणणं ऐकायला येणार होते. दोन आठवड्यांची मुदत देऊन त्यांनी लिहिलं होतं की गावकऱ्यांच्या सोयीचा दिवस शिक्षकानं ठरवावा, तसं कळवावं आणि आठ दिवस आधी दवंडी द्यावी.

दिवस ठरवणं माझ्या हातात आलं आणि तिथंच माझा हात घसरला.

कोळी डोल टाकून मासे धरतात. समुद्रात खुंट मारून त्याला मोठं जाळं बांधायचं, पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आपोआप आत येते. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला, ओढ जोरात असते, तेव्हा सगळे पुरुष दर्यात असतात. अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावतं. त्याला ते भांग म्हणतात. भांगाला होड्या किनाऱ्यावर, पुरुष घरी, फाटलेली जाळी तुणत बसलेले. साहेबांच्या दोन आठवड्यांत भांगही होता आणि उधाणही. मी पंचांग उघडलं, बोटानं खाली येत गेलो, अष्टमीवरून बोट पुढे नेलं आणि मार्गशीर्ष अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, पौष शुद्ध प्रतिपदेला सकाळी अकरा वाजता वखारीत सभा, असं लिहून टाकलं. त्या दिवशी कोळीवाड्यात एक पुरुष सापडणार नव्हता, आणि वर फाटा भरलेला. दवंडी नियमाप्रमाणे तिन्ही वस्त्यांत दिली. नोटीस वखारीच्या दारावर चिकटवली. कागदोपत्री मी स्वच्छ होतो.

खोतांना दिवस आवडला नाही. "पौषात शाळेची जागा ठरवायची, मास्तर? निदान आदल्या आठवड्यात तरी धरायचा होतात."

"साहेबांना पौष नसतो," मी म्हटलं.

"साहेबांना नसेल. विद्येच्या देवीला तरी विचारलंत का?" असं म्हणून ते हसत गेले. ते सरळ माणूस होते. माझ्या मनातलं त्यांच्या मनात नव्हतं, हे मी इथं लिहून ठेवतो.

बायकोनं नोटीस वाचली. तिला वाचता येत होतं, पंचांगही कळत होतं. "प्रतिपदाच का?" तिनं विचारलं.

"साहेबांची सोय," मी म्हटलं. ती हंडा घेऊन पाण्याला गेली. मला वाटलं, पटलं.

सभेच्या दिवशी सकाळी आठला मी वखारीचं दार उघडलं तर पडवी भरलेली होती. कोळीवाड्यातल्या बायका. पाणी चढायच्या आधी फाटा ओलांडून येऊन बसल्या होत्या. पुढे मावशी, पाय पसरून सुकटाची डोकी खुडत. कुणी सुपारी कातरत होती, कुणी पोराला पाजत होती. कितीतरी जणी आल्या होत्या, आणि प्रत्येकीबरोबर तिची कामं.

"मावशी, सभा अकराला आहे," मी म्हटलं.

"ठावं हाय. पन पानी धाला चढतंय. पानी तुमची नोटीस वाचत न्हाय." तिनं सुकटाचं डोकं खुडलं. "बसा की मास्तर. शाला तुमचीच हाय."

अकराला ओव्हरसियरसाहेब सायकलवरून आले. अंगात कोट, पाठीवर चामड्याची पिशवी, तीत मोजपट्टी. खोतांनी त्यांना आधी वर नेलं. तुकडा त्यांना पसंत पडला. शहाळी पिऊन, मोजमाप करून ते परत आले ते ठरवूनच आले असं चेहऱ्यावर दिसत होतं. पडवीत बघून थबकले.

खोत म्हणाले, "अगं, ही शाळेची सभा आहे. बायांचं काय काम?"

"बापये दर्याव गेलेत," मावशी म्हणाली. "ते दर्याव असले की घर आमच्याकडं. भाकर कोन देतंय, पोर तापलं तर कोन बगतंय, आमीच न्हवं? मंग पोर शिकवायचं कुटं, हे बी आमीच बगनार. न्हायतर सांगा, आज कोळीवाड्यात घरं न्हाईत असं लिवून टाका."

शेट वखारीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "साहेब, माझा माल गलबतावर असतो तेव्हा माझ्या घरचा कारभारही बीबीच बघते. कोकणात हे असंच आहे."

ओव्हरसियरनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, काही हरकत?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. "हरकत नाही," मी म्हटलं. त्या दिवशी मी उच्चारलेलं खरं वाक्य तेवढंच.

मग मावशी उठली. "सायब, जागा तुमी बगितली. झ्याक हाय. सावली हाय, इहीर हाय. आता येकदा वाट बगा. लांब न्हाय, हितंच."

ती साहेबांना फाट्यावर घेऊन गेली आणि सगळी सभा मागोमाग. बारा वाजत आले होते. फाटा काठोकाठ भरला होता. पाणी नुसतं उभं नव्हतं, ओढीनं वर सरकत होतं. सभेमुळे शाळेला सुट्टी, म्हणून पलीकडे कोळीवाड्याची पोरं काठावर बसून पाण्यात खडे टाकत होती. त्यांतली चार माझ्या वर्गातली. मला बघून त्यांनी सवयीनं नमस्कार केला.

साहेबांनी विचारलं, "पोरं येतात कशी?"

"येत न्हाईत. तीच तर बसलीत समोर."

खोत म्हणाले, "साहेब, एवढं पाणी रोज नसतं. सकाळी बघाल तर घोटा भिजत नाही."

"मंग शाला कोंबडा आरवताना भरवा," मावशी म्हणाली. "मास्तर उटतील का तेवडं इचारा."

खोत स्वतःच मोठ्यानं हसले. साहेबांनी एक बांबू मागवला, पाण्यात घातला. तो खाली खाली गेला आणि त्यांचा हात कोपरापर्यंत कोटासकट भिजला. बांबू बाहेर काढून त्यांनी ओल्या खुणेकडे पाहिलं. ती त्यांच्या टोपीच्या वर होती. मग माझ्याकडे हजेरीपट मागितला आणि तिथेच काठावर उभं राहून पानं उलटली. माझे 'उशिरा' आणि 'गैरहजर' चढत होते, उतरत होते.

"हे तुम्ही रोज लिहीत होतात?"

"होय."

"आणि दिवसही बरोबर धरलात," ते म्हणाले. "दुसऱ्या एखाद्या दिवशी आलो असतो तर मी इथं सुका चिखल पाहून गेलो असतो. हुशार आहात."

मी मान खाली घालून हजेरीपट परत घेतला. लोकांना वाटलं, विनय.

त्यांनी तिथेच तोडगा काढला. शाळा बंदराजवळच्या उंचवट्यावर, फाट्याच्या अलीकडल्या काठाला. वरच्या आळीच्या पोरांना उतरून येणं जड नाही. आणि फाट्यावर पायवाटेचा लाकडी साकव. पण मंजूर लाकूड आणि मजुरी होती तेवढीच होती. साहेबांनी पिशवीतून नकाशा काढला, पेन्सिल कानावरून घेतली आणि शिक्षकाच्या दोन खोल्यांपैकी एकीवर सरळ रेघ मारली. "हिचं लाकूड साकवाला. मास्तर, चालेल ना?"

ती चुलीची खोली होती. खिडकीची.

"चालेल," मी म्हटलं.

पाणी उतरेपर्यंत बायकांना परत जाता येणार नव्हतं. त्या पडवीत परत बसल्या आणि आपली कामं करू लागल्या. खोतांनी घरून शहाळी मागवली, शेटांनी चहा केला, आणि मंजुरीच्या आधीच सगळं गाव शाळा झाल्यासारखं गप्पा मारू लागलं. माझी बायको पेज वाढत फिरत होती. मी वर्गाच्या फळ्याकडे तोंड करून उगाच फळा पुसत होतो.

काही महिन्यांनी मंजुरीचा कागद आला. बाजाराच्या दिवशी मी तो उंडीखाली वाचला. जागा, साकव, एक खोली. शेवटची ओळ मी वाचली नाही आणि कागदाची घडी घातली. पण शेट माझ्या मागेच उभे होते.

"मास्तर, एक ओळ राहिली."

"ती कामाची नाही."

"बोर्डाची ओळ आणि कामाची नाही? वाचा, वाचा."

लोक ओरडू लागले. कौलं मंजूर झाली असतील, असं कुणीतरी म्हणालं. मला वाचावंच लागलं. मुख्य शिक्षकांनी लोकांच्या अडचणीची जाणीव ठेवून पाहणीचा दिवस मोठ्या समजुतीनं निवडला याबद्दल बोर्ड समाधान व्यक्त करत आहे. माझ्याच तोंडानं, गावासमोर, मोठ्या आवाजात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी पाटीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त म्हणाली, "बेस वाचलंत."

शाळा झाली. खोतांनी राग धरला नाही. साकवाच्या दोन तुळया कमी पडल्या त्या त्यांनी आपल्या बागेतून दिल्या आणि पहिल्या दिवशी साकवावरून सर्वांत आधी तेच चालले. मध्यावर उभं राहून त्यांनी दोनदा पाय आपटला आणि ओरडून सांगितलं, "भक्कम आहे, पोरांना सोडा." उंचवट्याच्या मागे रेतीत मावशीनं जागा दाखवली, तिथे हातभर खणताच गोडं पाणी लागलं. बायकोचा पाऊण मैल वाचला.

पण खोली एकच. तीत चूल, तीत अंथरुणं, पुढे तीत आमची दोन मुलं. मासळी खाणं वेगळं आणि वाळत घातलेल्या जवळ्याच्या वासात राहणं वेगळं. बायको कधी साकवावरून पाणी बघायला गेली की पायाखालच्या फळ्या मोजल्यासारखं करायची आणि म्हणायची, "आपल्या चुलीच्या खोलीतून सगळं गाव ये-जा करतं. एवढे पाहुणे कुणाच्या घरी येत नाहीत." ती हसायची. मी हसू शकत नसे. शाळा माझ्या हातून वाचली असं गाव म्हणत होतं, आणि प्रत्यक्षात मी ती बुडवायला निघालो होतो. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती होती. पण खरी भीती वेगळी होती. बायकोची नजर बदलेल ही.

वर्षं गेली. मावशीची नात चौथी पास झाली. त्या संध्याकाळी मावशी एक मोठी सुरमई केळीच्या पानात बांधून घेऊन आली. मी तिला साकवापर्यंत पोचवायला गेलो. मध्यावर आल्यावर मी थांबलो. ओहोटी होती, खाली चिखलात खेकडे फिरत होते.

"मावशी, एक सांगायचं आहे. तो सभेचा दिवस मी मुद्दाम धरला होता. तुमच्यातलं कुणी येऊ नये म्हणून. मला वर ती दोन खोल्यांची जागा हवी होती."

ती कठड्याला टेकली. तंबाखू मळत राहिली. "मंग?"

"मंग काय. एवढंच. मी तुमचं नुकसान करणार होतो."

"ते मला तवाच ठावं व्हतं. जो मानूस रोज हजेरीत पानी लिवतो, त्याला उधान ठावं न्हाय व्हय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? साहेबांपुढे?"

"बोलले असते तर तुमाला धाडलं असतं. दुसरा मास्तर आला असता. त्याला पानी शिकवायला परत दोन वरसं." तिनं तंबाखू तोंडात टाकली. "तुमी येकदा चुकलात. चुकल्याला पानी कळतं. नव्याचं काय सांगावं."

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत होतंही. तेवढ्यात ती म्हणाली, "आनि मला ते कळलं तरी कसं? दवंडीत नुसती विंग्रजी तारीक, मी काय पंचांग वाचतंय? तुमच्या बायनं सांगितलं."

मी तिच्याकडे वळलो.

"दवंडी झाली त्याच सांजंला मी मासं घिऊन आले तर बाय म्हनाली, मावशी, परतिपदंला सायब येनार. बापये नसनार. तर तुमी बाया या, पन पानी चढायच्या आदी या. आनि सायबाला बोलन्यात अडकवू नका, नुसतं पानी दाखवा. भर दुपारचं." मावशीनं पिचकारी खाली चिखलात टाकली. "माज्या डोक्यात तर बोलायचंच व्हतं, भांडायचं. पानी दाखवायचं तिच्या डोक्यातलं."

ती साकव उतरून कोळीवाड्याकडे गेली. जाताना वळून म्हणाली, "फुडच्या दवंडीच्या आदी माज्या दारात या मातर. तिथी इचारायला." बदली होईपर्यंत मी तो नेम पाळला. बोर्डाच्या प्रत्येक नोटिशीवर तारखेखाली भरतीची वेळ लिहू लागलो. वरून एकदा विचारणा आली की हा मजकूर कोणत्या नियमानुसार. मी उत्तर लिहिलं, खाडीच्या.

पण त्या संध्याकाळी मी साकवावर बराच वेळ उभा होतो. ज्या दोन खोल्यांसाठी मी ते केलं त्या जिच्यासाठी हव्या होत्या, तिनंच त्यांतली एक पाण्याकडे बोट दाखवून सोडून दिली होती. नकाशावरची रेघ ओव्हरसियरनी मारली, पण पेन्सिल तिनं आधीच चालवली होती. आणि एवढी वर्षं एका खोलीत राहून तिनं मला एकदाही ते ऐकवलं नव्हतं.

घरी आलो. ती सुरमई कापत होती. मुलं भिंतीशी बसून पाढे म्हणत होती. मी दारातच उभा राहिलो.

"मावशी बोलली," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं, मग परत विळीकडे. "एवढ्या वर्षांनी?"

"मी आधी बोललो. मग ती बोलली."

"मग बरं झालं." तिनं एक तुकडा बाजूला ठेवला. "माझ्यावर रागावलात?"

"मी? तुझ्यावर?"

"तुमची खोली मी घालवली ना." तिनं आणखी एक तुकडा पाडला. "ती खिडकी मला फार हवी होती. खोटं कशाला बोलू. पण ती पोर माझ्यापाशी बसून 'घ' काढायला शिकत होती. अर्धाच झाला होता. तिला वर कोण आणणार होतं?"

मी म्हटलं, "मी तुला सांगायला हवं होतं."

"व्हय तर," ती कोळिणींसारखी म्हणाली, आणि हसली. मुलंही हसली, का ते न कळता. मग तिनं विळी थोडी बाजूला ओढली आणि पाटाला हात लावला.

"आता दारात उभे राहू नका, उजेड अडतो. थोडं सरकलं की जागा होते. बसा."